हाडांनाही काम लागते

गेल्या हिवाळ्यात आमच्या अम्मी पडल्या. पडल्या असेही म्हणवत नाही. फज्रच्या वेळी वुजू करून न्हाणीघरातून बाहेर येताना उंबऱ्याला पाय अडखळला आणि भिंतीचा आधार घेत घेत त्या कुशीवर खाली बसल्या. सूनबाईंना इतक्या पहाटे कशाला उठवायचे, म्हणून एकट्याच गेल्या होत्या. आवाजसुद्धा मोठा झाला नाही. पण उठता येईना. उजवा पाय बाहेरच्या बाजूला वळलेला आणि आखूड दिसत होता. एक्स-रे काढला तेव्हा खुब्याचे हाड मोडलेले निघाले.

ऑपरेशनच्या आधी हाडांच्या डॉक्टरांनी आम्हा भावंडांना काही प्रश्न विचारले. वय? ७१. पाळी केव्हा गेली? आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागलो. शेवटी मोठ्या बहिणीने अंदाजाने सांगितले, पंचेचाळिशीच्या सुमारास. पूर्वी कधी मनगट मोडले होते का? उंची कमी झाल्यासारखी वाटते का? हे आमच्यापैकी कुणीच कधी पाहिले नव्हते. मग शेवटचा प्रश्न आला, दिवसभर काय काम करतात? धाकट्या भावाने जरा अभिमानानेच सांगितले, "काही नाही डॉक्टर. तीन वर्षांत आम्ही त्यांना पाण्याचा तांब्या उचलू दिलेला नाही."

डॉक्टर लिहिता लिहिता थांबले. म्हणाले, "मनापासून सांभाळलंत. पण हाडांना असलं सांभाळणं मानवत नाही."

हे वाक्य आमच्या डोक्यातून जात नाही. अब्बांचा इंतकाल झाल्यावर आम्ही अम्मींना महाडकडच्या गावाहून मुंब्र्याच्या फ्लॅटमध्ये आणले. गावात त्यांचा दिवस विहिरीवरून सुरू व्हायचा. कमरेवर घागर, परसातली लाकडे, चुलीपुढे उकडत्या पाण्यात मळलेले तांदळाचे पीठ, दिवसातून पन्नास वेळा खाली बसणे आणि उठणे. इथे आल्यावर तिन्ही सुनांनी एकेक काम त्यांच्या हातून काढून घेतले. आधी झाडू गेला, मग परात गेली, मग भाजी निवडणेही गेले. "अम्मी, तुम्ही बसा. आम्ही आहोत ना!" पाहुणे आले की म्हणायचे, नशीबवान आहात, सुना बसल्या जागी सगळे देतात. अम्मीही हसून अल्हम्दुलिल्लाह म्हणायच्या. आम्हाला वाटायचे, खिदमत म्हणतात ती हीच.

म्हणून या महिन्याचे सदर हाडांवर. कुणाला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. दोष द्यायचा तर पहिला आमचाच निघेल. पण आमच्यासारखी घरे पुष्कळ आहेत.

हाड म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे खाटकाकडचे पांढरे, कोरडे हाड येते. ते मेलेले हाड. जिवंत माणसाच्या हाडात रक्त वाहते, पेशी राहतात आणि रात्रंदिवस काम चालू असते. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा दरवर्षी साधारण १० टक्के भाग उकरून काढला जातो आणि त्या जागी नवा भरला जातो. उकरणाऱ्या पेशींना ऑस्टिओक्लास्ट म्हणतात, बांधणाऱ्यांना ऑस्टिओब्लास्ट. जुन्या, बारीक तडे गेलेल्या जागी उकरणारी टोळी येते आणि दोन-तीन आठवड्यांत खड्डा करते. तिच्या मागून बांधणारी टोळी येते. तो खड्डा भरायला तिला तीन-चार महिने लागतात. हा हिशेब लक्षात ठेवावा, कारण पुढचे सगळे त्यावर आहे. खोदणे झटपट होते आणि भरणे सावकाश. शहरातल्या रस्त्यांसारखेच. एका वेळी थोडेच खड्डे उघडले तर भरणारे पुरे पडतात. सगळीकडे एकदम खोदकाम निघाले की रस्ताच उरत नाही.

बांधणाऱ्यांपैकी काही पेशी आपण बांधलेल्या भिंतीतच चिणल्या जातात. त्या मरत नाहीत. त्यांना ऑस्टिओसाइट म्हणतात आणि हाडातल्या दहा पेशींपैकी नऊहून अधिक याच असतात. भिंतीत बसल्या बसल्या त्या केसापेक्षाही बारीक नळ्यांतून एकमेकींना हात लावून असतात. गवंड्याने घर बांधावे आणि मग त्याच घरात राखणदार म्हणून राहावे, तसे हे आहे. कुठे खोदायचे, कुठे भरायचे, हे बहुतांशी हे राखणदार ठरवतात. ठरवताना ते दोन निरोप ऐकतात. एक रक्तातून येतो, हार्मोनचा. दुसरा हाडावर पडणाऱ्या भाराचा.

आधी हार्मोन. अमेरिकेत बोस्टनला फुलर ऑल्ब्राइट नावाचे डॉक्टर होते. मणके खचलेल्या रुग्णांत पाळी गेलेल्या बायकाच फार, हे त्यांच्या ध्यानात आले. १९४० च्या सुमारास त्यांनी मांडले की बीजकोषांतून येणारे इस्ट्रोजेन बंद होणे आणि हाडे ठिसूळ होणे यांचा संबंध आहे. ते कसे घडते हे कळायला आणखी पन्नासेक वर्षे गेली. बांधणाऱ्या आणि राखणदार पेशी रँकल नावाचा एक पदार्थ तयार करतात, तो उकरणाऱ्यांना बोलावतो. त्याच पेशी ऑस्टिओप्रोटेजेरिन नावाचा दुसरा पदार्थही तयार करतात, तो रँकलला मध्येच अडवतो. इस्ट्रोजेन असेपर्यंत बोलावणे कमी आणि अडवणे जास्त असते. शिवाय उकरणाऱ्या पेशी वेळेवर मरतात. इस्ट्रोजेन गेले की बोलावणी वाढतात, आलेल्या पेशी जास्त दिवस जगतात आणि खोल खणतात. पाळी गेल्यानंतरच्या पाच-सात वर्षांत काही स्त्रियांच्या हाडांचा पाचवा हिस्सादेखील असा जातो. यात दुखत काही नाही. अम्मींचेही पंचेचाळिशीनंतर असेच गेले असणार, आणि त्या वेळी त्या विहिरीवरून पाणी आणत होत्या. तीन वर्षांच्या आरामाने सगळे झाले, असे आम्ही म्हणत नाही. जे आधीच पातळ झाले होते, त्याचा उरलेला आधार आम्ही काढला.

हे बायकांचेच दुखणे आहे असे समजून पुरुष वाचकांनी पान उलटू नये. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या एका २८ वर्षांच्या तरुणाची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात आली. उंची ६ फूट ८ इंचांच्या वर, आणि अजून वाढतच होती. त्याच्या शरीरात पुरुषी हार्मोन भरपूर होते, इस्ट्रोजेनही होते. पण जन्मजात दोषामुळे पेशींना इस्ट्रोजेनचा निरोपच ऐकू येत नव्हता. म्हणून हाडांची वाढणारी टोके बंद झाली नव्हती आणि ऐन तारुण्यात हाडे पोकळ होती. पुरुषांच्या अंगातही टेस्टोस्टेरॉनपासून थोडे इस्ट्रोजेन बनते आणि त्यांची हाडे त्यावर चालतात, हे तेव्हा ठळकपणे समोर आले. पुरुषांत ते एकदम बंद होत नाही, हळूहळू उतरते, एवढाच फरक. सत्तरी ओलांडलेल्या अब्बांचे, दादांचे खुबेही मोडतात.

दुसरे एक हार्मोन गळ्यातल्या चार छोट्या ग्रंथींतून येते, पॅराथायरॉइड. रक्तात कॅल्शियम कमी पडले की ते हाडातून काढून आणण्याचा हुकूम देते. हृदयाचे ठोके आणि स्नायूंची हालचाल कॅल्शियमवाचून चालत नाही, म्हणून शरीर हाडाकडे घरातल्या गल्ल्यासारखे पाहते, गरज पडली की हात घालायचा. जेवणात कॅल्शियम नाही, अंगात ड जीवनसत्त्व नाही, की हा हुकूम बारा महिने चालू राहतो आणि गल्ला रिकामा होतो. पण गंमत अशी, की हेच हार्मोन दिवसातून एकदाच, थोड्या वेळासाठी दिले तर हाड बांधले जाते! अमेरिकेत २००२ पासून त्याची रोजची सुई ठिसूळ हाडांवर औषध म्हणून मिळते. एकच निरोप सतत कानावर आदळला तर घर खणले जाते आणि वेळेवर एकदा आला तर घर बांधले जाते. हाड नुसता निरोप ऐकत नाही, तो कसा येतो तेही पाहते. भाराच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे.

भाराचे सूत्र जर्मनीच्या यूलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये ग्रंथरूपाने मांडले, की हाडावर जसा भार पडतो तसे हाड आपली घडण बदलते. पण हाडाला भार कळतो कसा? चालताना पायाचे हाड किंचित वाकते. मीटरभर लांबीचे हाड असते तर एका मिलीमीटरपेक्षाही कमी, इतके किंचित. तेवढ्याने त्या बारीक नळ्यांतले पाणी इकडून तिकडे सरकते, ओला स्पंज दाबावा तसे. पाणी सरकले की राखणदार पेशींना कळते, इथे काम होते आहे. एरवी त्या स्क्लेरोस्टिन नावाचा एक पदार्थ सोडत असतात, तो बांधणाऱ्यांचे हात धरून ठेवतो. भार पडला की तो पदार्थ कमी होतो आणि बांधणारे मोकळे सुटतात. माणूस पडून राहिला की तो वाढतो. दक्षिण आफ्रिकेतल्या काही कुटुंबांत हा पदार्थ जन्मतः बनतच नाही, त्यांची हाडे विलक्षण जाड आणि भरीव असतात. त्यांच्या अभ्यासातून या पदार्थाचा शोध लागला आणि २०१९ मध्ये त्याला अडवणारे औषध अमेरिकेत मंजूर झाले. म्हणजे चालण्या-उचलण्याने जे काम फुकट होते, त्याचा एक भाग सुईने करण्याची सोय झाली. ज्यांना खरोखर गरज आहे त्यांच्यासाठी ही नेमत आहे. आमचा सवाल एवढाच, की जे फुकट मिळत होते ते आम्ही बंद का केले?

भार कसा हवा याबद्दल १९८४ मध्ये रुबिन आणि लॅनियन या दोन संशोधकांचे प्रयोग प्रसिद्ध झाले. पक्ष्याच्या पंखातले हाड त्यांनी कामापासून वेगळे केले आणि यंत्राने त्यावर ठरावीक भार दिला. काहीच भार नाही, तेव्हा हाड झिजले. दिवसातून फक्त ४ वेळा भार दिला, तर झीज थांबली. ३६ वेळा दिला, तर हाड वाढले. १८०० वेळा दिला, तर ३६ वेळांपेक्षा जास्त काही मिळाले नाही. आणि भार एकसारखा दाबून धरला, तर भार नसल्यासारखेच हाड झिजले. हा शेवटचा भाग आम्ही दोनदा वाचला. तासभर एकाच जागी उभे राहून हाडाचे भले होत नाही. भार पडावा, सुटावा, पुन्हा पडावा. पुढे उंदरांवर दिसले की तेवढाच भार दिवसातून तीन-चार हप्त्यांत, मध्ये विश्रांती देऊन दिला, तर हाड जास्त बांधले जाते. पेशी थोड्याच वेळात बधिर होतात, काही तासांनी पुन्हा ऐकू लागतात. घरकाम म्हणजे दुसरे काय? सकाळी थोडे, दुपारी थोडे, अस्रनंतर थोडे.

आणि भार ज्या हाडावर, फायदाही त्याच हाडाला. टेनिस खेळणाऱ्यांच्या रॅकेट धरणाऱ्या हाताचे हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असते, शरीर एकच, रक्तातली हार्मोन एकच. म्हणून पीठ मळण्याने मनगटाला फायदा होईल, खुब्याला होणार नाही. खुब्याला उठणे-बसणे, जिना आणि ओझे घेऊन चालणे लागते. उलटा पुरावा अंतराळवीरांकडून मिळतो. वजनच नसलेल्या त्या जागेत खुब्याचे हाड महिन्याला १ ते दीड टक्का जाते. जमिनीवरच्या वृद्ध माणसाचे साधारण तेवढे वर्षभरात जाते. ते तर तरुण, धडधाकट, निवडून घेतलेले लोक! आमच्या अम्मींना आम्ही पलंगावर चहा दिला, पलंगावर जेवण दिले, टीव्हीसुद्धा पलंगासमोर लावला.

आता हे दोन निरोप एकमेकांना कुठे भेटतात ते सांगायला हवे, कारण आमच्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. इस्ट्रोजेनचा निरोप घेण्यासाठी पेशीत एक कुलूप असते, हार्मोन ही त्याची किल्ली. २००३ मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांनी दाखवले की ज्या उंदरांमध्ये हे कुलूप मुळातच नाही, त्यांच्या हाडांवर भार दिला तरी ती नेहमीसारखी वाढत नाहीत. म्हणजे भाराचा निरोपही काही अंशी त्याच दारातून आत येतो. इस्ट्रोजेन कमी झाले की ही दारेही कमी होतात, असे या संशोधकांचे म्हणणे. हे खरे मानले तर पाळी गेलेल्या बाईचे हाड बहिरे होत नाही, पण त्याला कमी ऐकू येते. कमी ऐकणाऱ्या माणसाशी आपण बोलणे बंद करतो का? जरा मोठ्याने बोलतो. आपल्या घरांत मात्र नेमके उलटे होते. पन्नाशी-साठीला हाडाला जास्त भाराची गरज लागते, आणि त्याच वयात सून घरात येते, मुलगा कमावता होतो आणि सगळे मिळून म्हणतात, आता बसा.

मोठ्याने बोलल्यावर ऐकू येते, हेही दिसले आहे. ऑस्ट्रेलियातल्या गोल्ड कोस्ट येथे पाळी गेलेल्या, हाडे विरळ झालेल्या १०१ स्त्रियांवर एक अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये छापून आले. निम्म्या स्त्रियांनी आठ महिने, आठवड्यातून दोनदा, अर्धा अर्धा तास, तज्ज्ञांच्या नजरेखाली चांगले जड वजन उचलले. बाकीच्यांनी घरी हलका व्यायाम केला. वजन उचलणाऱ्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता सरासरी जवळजवळ ३ टक्के वाढली, दुसऱ्यांची १ टक्क्याहून थोडी जास्त घटली. तीन टक्के म्हणजे फार नाही, असे कुणी म्हणेल. पण ज्या वयात दरवर्षी कमीच व्हायचे असते, तिथे वाढणे ही साधी गोष्ट नाही. हे वाचून उद्या कुणी आपल्या अम्मीच्या हातात तांदळाचे पोते देऊ नये, हे सांगायला नकोच. तिथे शिकवणारे जवळ उभे होते, आणि अगदी हलक्यापासून सुरुवात करून महिनाभर नुसते शिकवले होते.

व्हॉट्सअॅपवर एक निरोप सारखा फिरतो, की नमाजमुळे हाडांचे सगळे आजार दूर होतात. आम्हाला तो आवडत नाही. नमाज आपण अल्लाहच्या हुकुमासाठी पढतो, खुब्यासाठी नाही. जमिनीवर बसणे-उठणे होते, तोल राहतो, मांड्यांत ताकद राहते, हे फायदे आहेत आणि ते लहान नाहीत. पण त्यावर भरवसा ठेवून बाकी दिवस पलंगावर काढला तर हाडाला ते पुरत नाही. दुसरी बाजू अशी, की गुडघा जरा दुखला की लगेच खुर्ची घेण्याची आता रीतच पडली आहे. ज्याला उठबस जमते, त्याने ती इतक्या लवकर सोडू नये. पण ज्याचा मणका खचलेला आहे, त्याला पुढे खोल वाकणे धोक्याचे असू शकते. त्याने डॉक्टरांना आणि मसल्यासाठी आलिमांना विचारून खुशाल खुर्ची घ्यावी. आजारात सवलत आहेच. सूरह मरियमच्या सुरुवातीला हजरत जकरिया (अलै.) यांच्या दुआत म्हातारपणी कमजोर झालेल्या हाडांचा उल्लेख येतो. हाडांची कमजोरी रबसमोर बोलून दाखवण्यात कमीपणा नाही, मग ती डॉक्टरांपुढे लपवायची कशाला?

खाण्याबद्दल थोडक्यात. आमच्या एका खाला ऑपरेशननंतर रोज पायाचा डबा घेऊन येत होत्या. पाया चवीला उत्तम, आम्हीही खाल्ला. पण हाडे तासन्तास उकळली तरी कॅल्शियम रश्शात फारसे उतरत नाही, उतरतो तो चिकट भाग. त्यापेक्षा दूध, दही, नाचणीची भाकरी, तीळ आणि कोकणातल्या घरात असतेच ती काट्यासकट चावून खायची बारीक सुकी मासळी जास्त देते. ड जीवनसत्त्व खरे तर हार्मोनच आहे, ते उन्हाने कातडीत तयार होते आणि खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हाने होत नाही. आपल्या बहिणी बाहेर पडताना अंग झाकतात आणि फ्लॅटमध्ये ऊन येत नाही. म्हणून गच्चीवर किंवा बाल्कनीत आडोसा करून हातापायांवर, तोंडावर थोडे दुपारकडचे ऊन घ्यावे, नाहीतर रक्त तपासून डॉक्टरांकडून गोळी घ्यावी. मनाने मोठ्या डोसची सुई मारून घेऊ नये. ऑस्ट्रेलियात वयस्क स्त्रियांना वर्षातून एकदाच भला मोठा डोस देऊन पाहिला, तेव्हा पडणे आणि हाडे मोडणे कमी न होता वाढले, असे २०१० मध्ये छापून आले. सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्यांपासूनही सांभाळावे. त्यांत स्टेरॉइड मिसळलेले सापडते. त्याने दुखणे दोन दिवसांत थांबते, आणि हाड बांधणाऱ्या पेशीही थांबतात.

मुलींबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९९५ मध्ये फिनलंडमधल्या टेनिस आणि स्क्वॉश खेळणाऱ्या स्त्रियांच्या दोन्ही हातांची हाडे मोजली गेली. पहिली पाळी येण्याच्या आधी किंवा त्याच सुमारास ज्यांनी खेळ सुरू केला, त्यांच्या खेळणाऱ्या हाताला झालेला फायदा उशिरा सुरू करणाऱ्यांच्या निदान दुप्पट होता. त्या वयात हार्मोनचा निरोप आणि भाराचा निरोप दोन्ही मोठ्याने येत असतात. आणि आपल्याकडे नेमके त्याच वर्षी मुलीची दोरीवरची उडी बंद होते. पर्दा सांभाळून घरच्या गच्चीवर दोरी मारता येत नाही का? मदरशाच्या अंगणात लंगडी होत नाही का? हा विषय मोठा आहे, त्यावर पुन्हा केव्हातरी लिहू.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी आम्ही स्वतः काय बदलले ते सांगतो. न्हाणीघराचा उंबरा काढला, भिंतीला धरायचा दांडा लावला, रात्रभर जळणारा एक छोटा दिवा लावला. दुमडणारी सतरंजी उचलून ठेवली. मोठ्या बहिणीची पाळी चार वर्षांपूर्वी गेली आहे, तिची डेक्सा नावाची हाडांच्या घनतेची तपासणी करून घेतली. हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठायचे, दिवसातून तीनदा, असा तिचा नेम सुरू झाला आहे आणि ती लिफ्ट सोडून जिन्याने चढते. अम्मींना डॉक्टरांनी सहा महिन्यांनी घ्यायची एक सुई दिली आहे. तिची तारीख आम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहितो, कारण ती सुई मध्येच बंद केली तर उकरणाऱ्या पेशी एकदम जोर धरतात आणि मणके खचू शकतात.

ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी त्यांना उभे केले तेव्हा आमच्या धाकट्या भावाच्या डोळ्यांत पाणी आले. "इतक्या लवकर कशाला?" असे तो फिजिओथेरपिस्ट ताईंना म्हणाला. ताईंनी त्याला खोलीबाहेर पाठवले. आधी वॉकर, मग काठी. चौथ्या महिन्यात अम्मी जिन्याच्या सहा पायऱ्या चढल्या आणि उतरल्या.

आता ओट्याच्या उंचीचे एक टेबल आम्ही स्वयंपाकघरात आणले आहे, म्हणजे खाली बसावे लागत नाही. मागच्या जुम्याला अम्मींनी उभ्या उभ्या परात मागितली. धाकट्या सूनबाईंचा हात सवयीने पुढे झाला, "अम्मी, तुम्ही..." इतके म्हणून त्या थांबल्या आणि परात टेबलावर ठेवली. अम्मींनी उकळते पाणी पिठावर ओतले, चमच्याने ढवळले आणि मग दोन्ही हात घालून मळू लागल्या. मध्ये दोनदा थांबल्या, टेबल धरून उभ्या राहिल्या. भाकऱ्या जरा जाडच झाल्या होत्या. चार भाकऱ्या झाल्यावर त्या म्हणाल्या, "उद्या पीठ मीच चाळते." सूनबाईंनी चाळण वरच्या फळीवरून काढून खाली ठेवली.